तंगूस पाण्यावर राहावा म्हणून

माझ्या मासेमारीच्या पिशवीत लाल रंगाची एक चपटी डबी असते. तिच्यात म्युसिलिन नावाचे, गळाच्या दोरीला म्हणजे तंगुसाला लावायचे मऊ मेण आहे. डबी तळहातात मावते आणि एकदा घेतली की मला तीन हंगाम सहज पुरते. या डबीतल्या नखभर मेणामुळे नदीवरचा माझा दिवस किती बदलतो, हे मी गेली काही वर्षे पाहत आले आहे. गळाने मासे धरणाऱ्या मराठी माणसांशी बोलताना काठी, रीळ, आमिष यांवर भरपूर चर्चा होते, पण दोरीची निगा हा विषय ‘किती पौंडांचा भार सोसते?’ या प्रश्नापलीकडे जात नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

मी मासे धरते ते मुख्यतः इंग्लंडमध्ये, डर्बीशायरच्या डर्वेंट नदीवर. मॅटलॉक, बेल्पर आणि डर्बी अशी गावे-शहरे ओलांडत ही नदी पुढे ट्रेंटला मिळते. तिच्या गार, वाहत्या, खडीच्या पात्रात ग्रेलिंग नावाचा रुपेरी मासा असतो; पाठीवरचा पंख शिडासारखा उंच. इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात ग्रेलिंगसारखे मासे धरण्यास बंदी असते, त्यामुळे माझा खरा हंगाम थंडीचा, म्हणजे नोव्हेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंतचा. पद्धत ट्रॉटिंगची: काठावर किंवा गुडघाभर पाण्यात उभे राहून फ्लोट, म्हणजे दोरीला लावलेला तरंगता खुणेचा तुकडा, प्रवाहात सोडायचा आणि तो वाहत जाईल तसतशी दोरी मोकळी करत राहायची. फ्लोट वीस-पंचवीस मीटर खाली जातो, त्याच्याखाली आमिष तळाच्या जरा वरून सरकत असते, आणि फ्लोट बुडाला की तेवढ्या अंतरावरून झटका द्यायचा असतो. यासाठी मी सेंटरपिन रीळ वापरते. ते म्हणजे एका आसावर मोकळे फिरणारे साधे चाक. फ्लोटला प्रवाह जेवढा ओढतो, तेवढ्याच ओढीवर ते फिरायला हवे. नॉटिंगहॅमच्या आसपास, ट्रेंटच्या काठी, लाकडी रिळे आणि बारीक रेशमी दोरी वापरून ही पद्धत घडली. नदीच्या या भागात ‘नॉटिंगहॅम पद्धत’ हे नाव जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही येते.

या पद्धतीत काठीच्या टोकापासून फ्लोटपर्यंतची सगळी दोरी पाण्याच्या पृष्ठभागावर राहावी लागते. ती वर असेल, तर प्रवाहामुळे तिला पडलेला बाक काठीच्या हलक्या उचलीने वरच्या अंगाला टाकता येतो, आणि फ्लोटला त्याचा पत्ताही लागत नाही. तीच दोरी दोन बोटे जरी खाली गेली, तरी ती उचलताना पाणी कापत येते, फ्लोट तिरका होऊन काठाकडे ओढला जातो आणि खालचे आमिष तळापासून उचलले जाते. ग्रेलिंग अशा आमिषामागे एखाद्या वेळी येतो, पण तोंड लावत नाही. आणि मासा लागलाच, तर झटक्याचे निम्मे बळ बुडालेली दोरी पाण्याबाहेर खेचण्यातच खर्ची पडते. मी सुरुवातीची दोन वर्षे दर दिवशी तीन-चार मासे असेच घालवत होते आणि दोष माझ्या मनगटाला देत होते.

दोरी का बुडते, हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर काय लावायचे हे ठरवता येत नाही. आपण ज्याला तंगूस म्हणतो तो नायलॉनचा एकेरी धागा. नायलॉनची घनता पाण्याच्या सुमारे १.१४ पट असते, म्हणजे तो पाण्यापेक्षा जड आहे आणि खऱ्या अर्थाने तरंगूच शकत नाही. पण तो फार थोडा जड आहे. माझी दोरी ०.१८ मिलिमीटर व्यासाची. तिच्या वीस मीटर लांबीचे पाण्यातले वजन काढले तर जेमतेम सत्तर मिलिग्रॅम भरते, म्हणजे तांदळाचे तीन-चार दाणे. पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण एवढे वजन शेकडो पटींनी पेलू शकतो. तेव्हा कोरडी, स्वच्छ दोरी पाण्यावर अलगद पडली की ती पाण्याच्या सायीवर पडून राहते. जोपर्यंत पाणी तिच्या अंगावर चढत नाही, तोपर्यंत ती वर असते. ज्या क्षणी पाणी तिला वरून झाकते, त्या क्षणी साय मिटते आणि मग तिला वर आणणारे काहीच उरत नाही. नायलॉनवर पाण्याचा थेंब बऱ्यापैकी पसरतो, त्यात दिवसभराची धूळ, शेवाळ आणि हाताचा मळ बसला की तो आणखी पसरतो. मेणाच्या पृष्ठभागावर तोच थेंब गोळा होऊन बसतो, अळूच्या पानावर बसावा तसा. मेणाने दोरी हलकी होत नाही. एवढ्या पातळ थराने घनतेत फरक पडणे शक्यच नाही. मेण फक्त पाण्याला दोरीवर चढू देत नाही. ही एक गोष्ट नीट उमगली, आणि मेण लावण्याची माझी सगळी रीतच बदलली.

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. काचेच्या पसरट भांड्यात नळाचे पाणी घ्यावे, खाली पांढरा कागद ठेवावा आणि वरून दिवा धरावा. वीतभर लांबीचा, मेण लावून पुसलेला तंगूस दोन्ही हातांनी आडवा धरून पाण्यावर ठेवला, की त्याच्या दोन्ही अंगांनी पाणी वाकलेले दिसते आणि खालच्या कागदावर दोरीपेक्षा कितीतरी रुंद अशी काळी सावली पडते, जिच्या कडा उजळ असतात. पाण्यावर चालणाऱ्या किड्याच्या पायाखाली जशी गोल सावली पडते, तशीच ही लांबट. आता सुईने तो तुकडा खाली दाबावा. मेण असूनही तो वर येत नाही, तळाला जातो. पण एक टोक चिमटीत धरून वर उचलले, तर पाणी त्याच्यावरून ओघळून जाते आणि पुन्हा ठेवल्यावर तो पुन्हा सायीवर राहतो. बिनमेणाचा तुकडा मात्र पाण्याचे मणी अंगावर घेऊनच वर येतो आणि पुन्हा ठेवला की बऱ्याचदा सरळ खाली जातो. शेवटी भांड्याच्या कडेला भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब सोडावा. पृष्ठभागाचा ताण एकदम उतरतो आणि वर राहिलेल्या तुकड्याचा आधार सुटू लागतो. काठावर साबणाने हात धुऊन तसाच दोरीला हात लावला तर काय होते, ते यावरून कळेल. शरद ऋतूत पानगळीनंतर नदीवर जो पिवळट फेस धरतो, तोही कुजणाऱ्या पानांतून उतरलेल्या अशाच द्रव्यांचा असतो. त्या दिवसांत दोरी अधिक वेळा पुसावी लागते.

मेण म्हणून काय वापरावे याबाबत मी एक चूक केली आहे, ती सांगते, कारण कोकणातल्या कोणाही माणसाच्या हातून ती होऊ शकते. वाघोटणच्या खाडीवर लहानपणी आम्ही बाटलीला गुंडाळलेला तंगूस वापरायचो आणि तो गुंतू नये म्हणून खोबरेल लावलेल्या हाताने ओढून घ्यायचो. हाताला सवय तीच. इंग्लंडमध्ये पहिल्या हिवाळ्यात मी दोरीला खोबरेल लावले. घरात, हीटरच्या उबेत, दोरी सुंदर सुटत होती. नदीवर तापमान चार अंश होते. खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांखाली थिजते, हे आपल्याला माहीत असते. थंडीत पुण्यातसुद्धा बाटली उन्हात ठेवावी लागते. पण त्या सकाळी ते माझ्या लक्षात आले नाही. दोरीवर पांढरे कण धरले, दोरी जिच्यातून जाते त्या काठीच्या टोकाच्या कडीत त्यांचा भुगा साठला, आणि अकराच्या सुमारास दोरी कडीत अडकून फ्लोट जागच्या जागी थांबू लागला. कड्या गरम पाण्याने आणि कापसाने साफ करण्यात संध्याकाळ गेली. दोरी मला फेकून द्यावी लागली, कारण तेलाला चिकटलेली रेती आत खरवडत गेली होती आणि बोटांना खरखरीत लागत होती.

पेट्रोलियम जेली, मेणबत्ती, फर्निचरचे पॉलिश असे घरगुती उपाय नदीकाठी सतत सुचवले जातात. मेणबत्तीचे मेण कडक असते, दोरी वाकली की त्याचे पापुद्रे सुटतात. पेट्रोलियम जेली पाणी चांगले झटकते, पण ती जाड बसते आणि तिला रेती चिकटते. मला आजवर समाधान मिळाले आहे ते दोरीसाठीच बनवलेल्या मऊ मेणाने, आणि तेही फार थोडे लावल्याने.

माझी रीत अशी आहे. आदल्या संध्याकाळी फ्लोटच्या बाजूची तीस मीटर दोरी घरामागच्या अंगणात मोकळी करते. टोक कुंपणाच्या खांबाला बांधायचे आणि पाणी लावून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याच्या चिमटीतून दोरी एकदा सावकाश ओढून घ्यायची. फडक्यावर जी करडी रेघ उमटते, ती पाहिली की पहिल्यांदा करणाऱ्याला धक्काच बसतो. दिसायला पारदर्शक असलेल्या दोरीवर एवढा मळ असतो. रेघ फार काळी असेल, तर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून पुसते आणि मग साध्या पाण्याने दोनदा, कारण साबणाचा अंश राहिला तर पुढचे सगळे वाया. मग कोरड्या फडक्याने एकदा. यानंतर दोरी पूर्ण वाळू द्यायची. ओल्या दोरीवर मेण बसत नाही, ते पाण्याच्या थरावर सरकत राहते.

डबीत फेल्टची एक लहान गादी असते. तिला मेण लावायचे म्हणजे पृष्ठभागावरून एकदाच फिरवायची. गादी दुमडून दोरी तिच्यात धरायची आणि अंगठ्याचा दाब न वाढवता खांबापासून रिळापर्यंत चालत यायचे. वेग महत्त्वाचा आहे. भराभर ओढले तर घर्षणाने नायलॉन तापतो, त्याला वेटोळे पडतात आणि त्याची ताकदही कमी होते. बोटांना ऊब जाणवली की थांबावे. पाच मिनिटे गेली की, आणि हे सर्वांत जास्त टाळले जाणारे काम आहे, स्वच्छ कोरड्या फडक्याने दोरी पुन्हा एकदा पुसून काढायची. लावलेले बहुतेक मेण फडक्यावर येते. ते येऊ द्यावे. दोरीवर जे उरते ते डोळ्यांना दिसत नाही, फक्त बोटांना ती किंचित निसरडी लागते, आणि पाणी झटकायला तेवढा थर पुरतो. त्याहून जास्त असेल तो थर रेती गोळा करतो, कड्यांत साठतो आणि थोड्या वेळाने दोरीला उलट खाली ओढतो.

दोरी सुरळीत सुटणे हा याच कामाचा दुसरा भाग आहे आणि सेंटरपिनवर तो पहिल्याइतकाच मोलाचा. पावसात काठी ओली होते आणि ओला तंगूस काठीच्या अंगाला चिकटून बसतो. दोन कड्यांमधली दोरी काठीला अशी चिकटली की रीळ कितीही हलके असले तरी फ्लोट अडखळतो. म्हणूनच ट्रॉटिंगच्या काठीला उंच पायांच्या कड्या असतात. मेण लावलेली दोरी पाणी धरत नाही, त्यामुळे ती चिकटण्याचे प्रमाणही कमी होते. मी पावसाळी दिवशी काठीवरूनही त्याच फडक्याने हात फिरवते. कडाक्याच्या थंडीत तर फरक डोळ्यांनी दिसतो. शून्याखालच्या सकाळी दोरी परत गुंडाळताना तिच्याबरोबर आलेले पाणी टोकाच्या कडीत गोठते आणि दहा-बारा फेऱ्यांनंतर भोक बुजते. मेणाच्या दोरीबरोबर पाणी कमी येते, म्हणून बर्फही उशिरा धरतो. धरत नाही असे मात्र नाही. मग कडी तोंडाजवळ घेऊन वाफ द्यावी लागते. बर्फ नखाने टोकरून काढू नये, आतले चिनीमातीचे अस्तर तडकते आणि तशा कडीतून दोरी सोलून निघते.

रिळावर दोरी कशी भरली आहे यावरही बरेच अवलंबून असते. पूर्वी मी शंभर मीटर दोरी सैल भरत असे आणि वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुतून फ्लोट मध्येच झटका खाऊन थांबायचा. आता खाली जुनी दोरी आधाराला भरते, वर साठ मीटर नवी, आणि ती भरताना ओलसर फडक्यातून बेताच्या ताणाने, एकसारख्या वेढ्यांनी. आसाला पातळ तेलाचा एकच थेंब. तेल दोरीवर उडू नये म्हणून हे काम दोरी भरण्याच्या आधी करावे.

फ्लोटखालच्या दोरीला मेण अजिबात लावायचे नाही. तिथे वजनाचे मणी आणि गळ असतात आणि ती दोरी ताबडतोब खाली जायला हवी. मी फ्लोटच्या वर वीतभर अंतर सोडूनच मेणाला सुरुवात करते, म्हणजे खोली कमी-जास्त करताना मेणाचा भाग खाली सरकत नाही. चुकून सरकलाच तर त्यावर एक उपाय आहे, आणि तो वाचून मराठी घरांतल्या वाचकांना मौज वाटेल. फ्लाय फिशिंग, म्हणजे किड्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम आमिषाने मासेमारी, करणारे इंग्रज लोक गळाजवळचा धागा बुडावा म्हणून मुलतानी माती, ग्लिसरीन आणि भांडी घासायचा द्रव साबण यांचा घट्ट लगदा करून तो धाग्यावर चोळतात. माती मेण आणि तेल शोषून घेते, साबण पाण्याला धाग्यावर चढायला मदत करतो आणि ग्लिसरीनमुळे लगदा वाळत नाही. चेहऱ्याला लावायची मुलतानी माती मी गावाहून आणलेली होतीच. तिची एक लहान डबी आता लाल डबीच्या शेजारी असते. दोन्ही डब्यांसाठी फडकी वेगळी ठेवावी लागतात, ती कधी एकत्र होऊ देऊ नयेत.

फ्लाय फिशिंगवाल्यांना वर तरंगणारा बारीक धागा नको असतो, त्याचे कारण वर सांगितलेली ती रुंद सावली आहे. उथळ, निवळ पाण्यात तंगुसापेक्षा त्याची सावली माशाला आधी दिसते. ट्रॉटिंगमध्ये आमिष दीड-दोन मीटर खाली असल्याने मला त्याची फारशी चिंता करावी लागत नाही.

नायलॉन येण्यापूर्वी हे सगळे किती कष्टाचे होते, याची कल्पना नदीवर भेटणाऱ्या एका ऐंशीच्या घरातल्या गृहस्थांमुळे आली. ड्यूपाँट कंपनीने नायलॉन १९३८मध्ये जाहीर केला. त्याआधी चांगली दोरी म्हणजे विणलेले रेशीम. रेशीम नायलॉनपेक्षाही जड, घनता सुमारे १.३, आणि शिवाय पाणी शोषणारे. फ्लाय फिशिंगच्या रेशमी दोरीला जवसाच्या तेलाचे थर देऊन ते मुरवत, वर मेण चोळत, आणि दिवस संपला की दोरी रिळावरून उतरवून मोकळी वाळत घालत. ओली राहिली तर ती कुजायची किंवा चिकट व्हायची. या गृहस्थांच्या वडिलांनी वापरलेले दोरी वाळवायचे लाकडी चक्र त्यांनी मला एकदा आणून दाखवले. म्युसिलिनच्या लाल आणि हिरव्या डबीतला फरकही त्यांनीच समजावून सांगितला: हिरव्या डबीतल्या मेणात सिलिकोन असते, लालमध्ये नसते. सिलिकोन पाणी छान झटकते, पण ते एकदा बसले की निघता निघत नाही, म्हणून रेशमी दोरीला लालच लावायचे. नायलॉनला दोन्ही चालतात. मी लाल वापरते, कारण मला ते दर वेळी पुसून नव्याने लावता यायला हवे.

आजच्या फ्लाय लाइन, म्हणजे फ्लाय फिशिंगच्या दोऱ्या, वेगळ्या आहेत. त्यांच्यावर पीव्हीसीचे आवरण असते आणि तरंगणाऱ्या लाइनच्या आवरणात काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोल मिसळलेले असतात, त्यामुळे ती लाइन खरोखरच पाण्यापेक्षा हलकी असते. तिला मेणापेक्षा धुण्याची गरज जास्त. तिचे टोक बुडू लागले की दहापैकी आठ वेळा कारण मळ असतो. कोमट साबणपाण्याने धुऊन, साध्या पाण्याने खळबळून, फडक्याने पुसली की ती पुन्हा वर येते. डास पळवण्यासाठी अंगाला लावायच्या डीईईटी असलेल्या द्रवापासून मात्र तिला जपावे. ते प्लास्टिक विरघळवते, आणि तो हात लाइनला लागला तर आवरण आधी चिकट होते आणि मग तडकते.

सगळीकडे आणि सगळ्या दिवशी दोरी वरच ठेवावी असे माझे म्हणणे नाही. संथ तळ्यावर वारा असेल तर वरची दोरी वाऱ्याने ढकलली जाते आणि फ्लोटला ओढत नेते. तिथे लोक मुद्दाम साबणाचा थेंब लावून दोरी बुडवतात, आणि ते बरोबरच आहे. नदीवरही प्रवाहाच्या दिशेने जोराचा वारा असला की वरच्या दोरीला फुगा येतो, तो फ्लोटच्या पुढे धावतो. अशा दिवशी मी ट्रॉटिंग करतच नाही, किंवा काठालगत दहा मीटरपर्यंतच फ्लोट सोडते. प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने हलका वारा हा सर्वांत चांगला, तो दोरी आपोआप मागे धरून ठेवतो.

नदीवर असताना साधारण दोन-अडीच तासांनी दोरी फ्लोटजवळून बुडायला लागते, कारण तिथे ती सतत ओढली जाते. तेव्हा पुन्हा मेण लावण्याची घाई करू नये. दोरी गुंडाळताना कोरड्या फडक्याच्या चिमटीतून घ्यावी. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते. दुपारच्या चहाच्या वेळी, दोरी वाळलेली असताना, फ्लोटजवळच्या पाच मीटरना गादी एकदा फिरवून लगेच पुसून टाकते. मागच्या जानेवारीत असे करून पुन्हा उभी राहिले, तेव्हा उतरत्या उन्हात काठीच्या टोकापासून फ्लोटपर्यंत सबंध दोरी पाण्यावर एका चमकत्या रेघेसारखी पडलेली दिसत होती. तिच्यावर मध्येच एक वाळकी काडी येऊन टेकली, दोरीबरोबर थोडी वाहिली आणि उचलताच बाजूला झाली.

१४ मार्चच्या संध्याकाळी हंगाम संपतो. त्या रात्री दोरीवरचे सगळे मेण कोमट साबणपाण्याने काढून टाकते, कारण मेण लावलेली दोरी तीन महिने रिळावर राहिली की वेढे एकमेकांना धरतात. वरची तीस मीटर दोरी दर वर्षी कापून टाकते आणि तिचे बारीक तुकडे करूनच कचऱ्यात घालते, नाहीतर पक्ष्यांच्या पायांत ती अडकते. रीळ कापडी पिशवीत, खिडकीपासून दूर, अंधाऱ्या खणात जाते, कारण उन्हाने नायलॉन कमजोर होतो. लाल डबी उपडी ठेवत नाही. उन्हाळ्यात मेण पातळ होऊन झाकणातून उतरते.